बबल्यानं काही खाल्लं का?

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही घरी ॲक्सोलॉटल आणला, पालीसारख्या आकाराचा, पाण्यात राहणारा मेक्सिकोतला प्राणी. म्हणजे पैसे तरी ॲक्सोलॉटलचेच मोजले.

का आणला, ते घरात नऊ-दहा वर्षांचं पोर असलेल्यांना सांगायला नको. माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये २०२१ साली हा प्राणी आला आणि तेव्हापासून पोरांच्या टी-शर्टवर, डब्यावर, दप्तरावर हसत बसलेला असतो. कुत्र्याला आमच्या घरी दोन मतं विरोधात, मांजराला तीन. पाण्यातला, आवाज न करणारा, केस न गाळणारा प्राणी म्हटल्यावर मी हो म्हणून बसले. सॅन होजेच्या मैत्रिणीनं सांगितलं की कॅलिफोर्नियात ॲक्सोलॉटल पाळायला बंदी आहे. आम्ही राहतो टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला, प्लेनोला. इथे तशी बंदी नाही.

दुकानात एका टाकीत गुलाबी होते, एकात शेवाळी. शेवाळी माझ्या तळहातापेक्षा थोडा लांब, डोकं रुंद आणि चपटं, मानेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पिसांसारखे कल्ले आणि पाठीवरून शेपटीच्या टोकापर्यंत पातळ झालर. हा त्यांचा जंगली रंग, असं दुकानदार म्हणाला. गुलाबीपेक्षा पंचवीस डॉलरनं स्वस्त. आम्ही शेवाळी उचलला. स्वस्त का, हा प्रश्न मला त्या वेळी कसा पडला नाही कोण जाणे. एरवी भेंडी स्वस्त दिसली तर मी दोनदा टोक मोडून बघते.

मुलानं नाव ठेवलं बबल. पंधरा दिवसांनी वाईहून सासूबाई आल्या, सहा महिन्यांसाठी, आणि बबलचा बबल्या झाला.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी लांबूनच बघितलं. "सापसुरळी आहे का गं ही?" सापसुरळीला खवले असतात, याच्या अंगावर एकही नाही, हा बेडकाच्या गोतातला, असं मी सांगत बसले. पण त्यांचीही चूक नव्हती. आपल्या सह्याद्रीत या जातीचं काही नाहीच. भारतात सॅलमँडर, म्हणजे असे शेपटीवाले उभयचर, सापडतात ते दार्जिलिंगकडे आणि ईशान्येच्या डोंगरांत. जो प्राणी कधी दिसलाच नाही त्याला मराठीत नाव कुठून असणार? त्यांनी आपली 'पाण्यातली सापसुरळी' पक्की केली आणि विषय संपवला.

त्यांची त्याच्याशी गट्टी जमली ती जेवणावरून. बबल्या गांडुळं खायचा. तुकडा समोर आला की तो एकदम स्तब्ध व्हायचा, मग खप्पकन तोंड उघडायचं, आणि पाण्यासकट तुकडा आत. चावणं नाही, धरणं नाही, व्हॅक्यूम क्लीनर लावावा तसं. आठवडाभर बघितल्यावर सासूबाईंनी प्रमाणपत्र दिलं, "पानात टाकत नाही हो." आमच्या घरात याहून मोठी पदवी नाही. माझ्या मुलाला ती अजून मिळालेली नाही.

पाण्यात मात्र मी पहिल्याच महिन्यात चूक केली. आपल्याकडे माशांसाठी नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवतात, क्लोरिन उडून जातो. मी तेच करत होते. पण आमच्या भागात वर्षातला बराचसा काळ पाण्यात क्लोरिन नसतो, क्लोरामाइन असतं. वसंतात साधारण महिनाभर तेवढा नुसता क्लोरिन सोडतात. क्लोरामाइन रात्रभर ठेवून उडत नाही. बबल्या पाणी बदललं की अंग घासल्यासारखं करायचा आणि मला वाटायचं आनंदानं लोळतोय. पाण्याच्या बिलाबरोबर आलेलं पत्रक वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून पाणी ठीक करणारं औषध मोजून घातल्याशिवाय एक तांब्याही टाकीत गेला नाही.

मग उन्हाळा. टेक्ससचा उन्हाळा म्हणजे विदर्भाला शोभेल असा. आमचा एसी ७८ वर असतो, म्हणजे साधारण साडेपंचवीस सेल्सिअस, आणि यावरून घरात आधीच शीतयुद्ध चालू असतं. बबल्याला हवं होतं २० च्या आसपास. मी पाण्याच्या छोट्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून सकाळ-संध्याकाळ टाकीत तरंगत सोडायचे, वर एक छोटा पंखा. फ्रीझरमध्ये ओल्या नारळाची पाकिटं, मटार आणि बबल्याच्या बाटल्या एका रांगेत. एक बाटली कुणीतरी रसात टाकली होती, कुणी ते अजून कबूल केलेलं नाही.

जूनच्या मध्यावर कल्ले लहान दिसायला लागले.

आधी मला वाटलं भास आहे. मग मुलाच्या वाढदिवसाचा फोटो काढून बघितला. तेव्हा पिसं होती, आता नुसत्या दशा उरल्या होत्या. पाठीवरची झालर खाली बसत चालली होती. कातडी जागोजागी काळवंडलेली. ॲक्सोलॉटलचे कल्ले आक्रसले तर आधी पाणी तपासा, असं जिथे तिथे लिहिलेलं. मी अमोनिया तपासला, ठीक होता. तरी रोज अर्धं पाणी बदलायला लागले. बबल्या आणखी अस्वस्थ. सारखा वर येऊन हवा गिळायचा, तसाच लोंबकळत राहायचा. आणि गांडुळाचा तुकडा नाकासमोरून खाली गेला तरी बघायचा नाही.

"आज काही खाल्लं का त्यानं?" हा प्रश्न त्या दिवसापासून सुरू झाला. सकाळी चहाच्या वेळी, मी ऑफिसच्या कॉलवर असताना दारातून खुणेनं, आणि रात्री दिवे मालवताना.

शेवटी उभयचर प्राणी बघणारी एक डॉक्टर शोधली. इथे कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांना हे जमत नाही, 'एक्झॉटिक'वाले वेगळे असतात आणि त्यांची फीही तशीच असते. तिनं डब्यातल्या बबल्याकडे दोन मिनिटं बघितलं. मग त्याच्या पुढच्या पायाची चपटी, टोकदार बोटं मुलाला दाखवली. हा ॲक्सोलॉटल नाही, म्हणाली. हे टायगर सॅलमँडरचं पिल्लू. इकडे त्याला वॉटरडॉग म्हणतात, मासेवाले गळाला लावायला विकत घेतात. आजारी नाहीये. जमिनीवर यायला निघालाय.

आणि उठता उठता म्हणाली, "त्याला आजच चढायला काहीतरी द्या, नाहीतर बुडेल."

पाण्यातून बाहेर न पडलेला प्राणी बुडेल! गाडीत मुलगा तेवढंच घोकत होता. पण कल्ले गेले की श्वास फुप्फुसांवर आणि कातडीवर. पोहायची झालरही गेलेली. दमून तळाला बसला आणि वर येता आलं नाही की संपलं.

ॲक्सोलॉटल आणि हा तसे चुलतभाऊच. दोघांमध्ये फरक काय, तर थायरॉइडचा. टायगर सॅलमँडरच्या अंगात वेळ आली की ते संप्रेरक वाढतं आणि प्राणी आतून-बाहेरून नव्यानं बांधला जातो. मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला ॲक्सोलॉटल सहसा त्या वाटेला जातच नाही. कल्ल्यांसकट जन्मभर पाण्यात राहतो, तिथेच अंडी घालतो. १८६४ साली काही ॲक्सोलॉटल पॅरिसच्या संग्रहालयात दुमेरिल नावाच्या शास्त्रज्ञाकडे पोचले. त्यांना पिल्लं झाली आणि त्यातली काही एक दिवस कल्ले टाकून जमिनीवरचे प्राणी झाले. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसातही कुणीतरी टाकीसमोर आमच्यासारखंच तोंड उघडं ठेवून बसलं होतं. हे वाचून मला उगीच बरं वाटलं.

त्या रात्री टाकीतलं पाणी चार बोटांवर आणलं. एका बाजूला टाकी खाली विटेचा तुकडा लावून कलती केली, म्हणजे एक टोक उथळ आणि एक कोरडं. कोरड्या टोकाला ओलं शेवाळ, मध्ये तरंगणारी बुचाची साल. तळाला खडी मी आधीपासूनच ठेवली नव्हती, कारण घास घेताना खडा गिळला तर आतडं तुंबतं. थोडं आयोडीन घातलं की हे सगळं लवकर उरकतं, असंही कुठे कुठे लिहिलेलं सापडलं. डॉक्टरला फोन केला तर ती जवळजवळ ओरडलीच. म्हणाली, काही घालायचं नाही, काही काढायचं नाही, हात लावायचा नाही, पाणी थंड आणि स्वच्छ ठेवायचं आणि बघत बसायचं.

बघत बसणं मला जमत नाही. आमच्या घरात कुणाचं बरं नसलं की मऊ भात होतो, मेतकूट निघतं, किमान आलं तरी किसलं जातं. इथे करायला काही नव्हतं. बबल्या जेवणार नव्हता, कारण त्याचं तोंडच बदलत होतं. ओढून घ्यायचं तोंड मोडून जिभेनं पकडायचं तोंड घडत होतं. अंगातली झालर, कल्ले जिरवून तो त्यावरच जगत होता. हे सगळं मी सासूबाईंना दोनदा समजावलं. त्या मान डोलवायच्या आणि संध्याकाळी विचारायच्या, "एखादा बारका तुकडा ठेवून बघायचा का?"

आषाढी एकादशीला आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी आणि बबल्याच्या उपासाचा सहावा दिवस. "चातुर्मास धरलाय त्यानं," सासूबाई म्हणाल्या. नवरा म्हणाला, निर्जळी तरी नाही. त्याच आठवड्यात त्यानं असंही सुचवलं, की हा इथलाच प्राणी असेल तर पार्कातल्या तळ्यात सोडून देऊ, त्याचं तो बघेल. मलाही क्षणभर पटलं, खोटं कशाला बोलू. पण कॅलिफोर्नियात नेमकं हेच होऊन बसलंय. गेल्या शतकात मासेमारीच्या धंद्यासाठी टेक्ससकडची ही पिल्लं तिकडे नेली. ती तिथल्या टायगर सॅलमँडरमध्ये मिसळली आणि आता संकर इतका पसरलाय की मूळ तिथला कोणता ते ओळखायला जनुकं तपासावी लागतात. शिवाय दुकानातल्या टाकीत कुठले बुरशी-विषाणू अंगाला लागलेत ते कुणाला ठाऊक. तळं रद्द झालं.

सातव्या की आठव्या दिवशी मुलगा शाळेच्या समर कॅम्पवरून आला, टाकीशी गेला आणि ओरडला, "आई, त्यानं डोळे मिटले!" मी धावत गेले. मला वाटलं गेला. तसं नव्हतं. पाण्यातल्या पिल्लाला पापण्या नसतात. दोन महिने आम्ही ज्याच्या उघड्या, बटणासारख्या डोळ्यांकडे बघत होतो, त्याला पापण्या फुटल्या होत्या. तो सालीवर बसून सावकाश डोळे मिटत होता, उघडत होता. आम्ही तिघं तिथे बसलो. पुन्हा मिटले. पुन्हा उघडले. सासूबाईंनी हळूच हात जोडले, कशासाठी ते मी विचारलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी तो पळाला.

टाकीला जाळीचं झाकण होतं, पण पंपाच्या नळीसाठी कोपऱ्यात दोन बोटांची फट ठेवली होती. पाण्यातल्या प्राण्यासाठी ठीक. पण आता त्याला पाय वापरता येत होते, आणि ओलं पोट काचेला चिकटतं. कोपरा धरून, नळीचा आधार घेत साहेब वर गेले असणार. सासूबाई पहाटे पाचला उठतात. त्या चहाला स्वयंपाकघरात गेल्या तर डिशवॉशरच्या पायाशी काळं काहीतरी हललं. वाईच्या घरात अशा वेळी झाडू निघतो. त्यांनी ओट्यावरची पुरणाची चाळण उचलली, त्याच्यावर पालथी घातली, वर हात ठेवून उकिडव्या बसल्या आणि मला हाका मारायला लागल्या. "अगं ए, ऊठ! बबल्या बाहेर आलाय!"

मी औषध घातलेल्या पाण्यात हात बुडवून गेले. कोरड्या हातानं धरलं तर त्याची कातडी दुखावते, आणि हाताला साबणाचा अंश असला तर तो सरळ आत जातो. चाळण उचलली. त्याच्या अंगाला धूळ, माझा एक लांब केस आणि पोटाखाली मोहरीचा एक दाणा चिकटला होता. पाठ सुकून चिवट झालेली. डब्यात पाऊण इंच पाणी घेऊन त्यात ठेवला, चमच्यानं पाठीवर पाणी सोडत राहिले. केस सुटला, मोहरीचा दाणा तरंगत गेला. दहा मिनिटांनी त्यानं मान उचलली. सासूबाई तोवर तशाच उकिडव्या. मी चाळण धुवायला घेतली तर म्हणाल्या, "राहू दे. ती आता त्याचीच." नळीची फट त्या दिवशी बुजवली आणि झाकणावर पितळी खल ठेवला. तो अजून तिथेच आहे. वेलची मी मिक्सरमध्ये फिरवते.

कल्ल्यांच्या जागी नुसत्या गाठी उरल्या तेव्हा त्याचं कोरडं घर केलं. दुकानात कोकोपीटची वीट घेतली, मागे छापलेलं, भारतात तयार. म्हणजे तीही आमच्यासारखीच आलेली. ती भिजवून चार-पाच इंचांचा थर दिला, कारण हा प्राणी मोठा झाला की आयुष्यातला बहुतेक वेळ मातीखाली काढतो. किती ओलं ठेवायचं याची मापं वाचली, पण शेवटी सासूबाईंचंच चाललं. लाडू वळता यावा, पण हाताला पाणी सुटू नये. एक चपटं बशीसारखं भांडं पाण्याचं. लपायला मडक्याचं अर्धं खापर. वर दिवा-बिवा काही नाही. त्याला ऊब नको असते.

वजन करायचं ठरलं तेव्हा घरात खरी भांडणं झाली. बेसन मोजायच्या काट्यावर त्याचा डबा ठेवायला सासूबाईंनी साफ नकार दिला. बरोबरच होतं, या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. बारा डॉलरचा वेगळा काटा आला. जूनमध्ये डॉक्टरकडे तो ३४ ग्रॅम भरला होता. आता २६. माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टर म्हणाली, एवढं जातंच, मांड्यांची आणि कमरेची हाडं दिसायला लागली तर या.

आता खाऊ दे, एवढाच ध्यास. अंगणात आमचं कंपोस्ट आहे, त्यात तांबडी गांडुळं वळवळत असतात. फुकट आणि ताजी, म्हणून त्यातलं एक ठेवलं. बबल्यानं वास घेतल्यासारखं केलं, झडप घातली, आणि लगेच थुंकून तोंड मातीला घासायला लागला. नंतर कळलं, ही कंपोस्टची गांडुळं दाबली की पिवळसर, घाण वासाचा द्रव सोडतात. चौदा दिवसांच्या उपासावर पहिला घास तो, आणि तो असला.

मोठी साधी गांडुळं मिळतात मासेमारीच्या सामानाच्या दुकानात. फ्रीजमध्ये कोल्ड्रिंकच्या शेजारी डबे असतात. डबा घेऊन गल्ल्याकडे वळले तर बाजूच्या टाकीवर हातानं लिहिलेली पाटी होती, वॉटरडॉग. आत वीस-पंचवीस असतील, शेवाळी, पिसांचे कल्ले, डझनाचा भाव. एकजण काचेशी येऊन माझ्याकडे बघत होता, किंवा माझ्या हातातल्या डब्याकडे. मी पैसे दिले आणि निघाले. घरी मुलाला सांगितलं नाही.

सोळाव्या दिवशी रात्री नऊ वाजता सासूबाईंनी खराट्याची एक हीर मोडून आणली. तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा गांडुळाचा तुकडा अडकवला आणि खापराच्या तोंडाशी हलवायला लागल्या. हात न थरथरवता, नातवाला घास भरवावा तसा संथ. बबल्याचं डोकं बाहेर आलं. मान जरा वाकडी झाली. मग एक पाय पुढे. मग थांबला, इतका वेळ की माझा मोबाइल धरलेला हात भरून आला. एकदम झेप घेतली आणि चुकला, हिरेलाच चावला. पाण्यात असताना नुसतं तोंड उघडलं की घास यायचा, आता नेम धरावा लागत होता. सासूबाईंनी हीर हलवली नाही. दुसऱ्या झेपेला जीभ बाहेर आली, जाड आणि गुलाबी, तुकडा चिकटला, आत गेला. गिळताना त्याचे दोन्ही डोळे डोक्यात खोल बसले, जणू आतून ढकलत होते, आणि परत वर आले.

"खाल्लं," सासूबाई म्हणाल्या. मुलाला उठवायला गेल्या त्या चप्पलही न घालता.

ऑगस्टमध्ये काळ्या अंगावर पिवळे डाग उमटायला लागले. आधी मळकट, हळदीचे डाग धुतल्यावर उरतात तसे, मग दर आठवड्याला ठळक. दोनदा त्यानं कात टाकली आणि ती स्वतःच खाल्ली. आता आठवड्यातून दोन-तीनदा जेवतो. गांडूळ, कधी कॅल्शियमची पूड लावलेले क्रिकेट, म्हणजे रातकिडे. वजन ५२ ग्रॅम. हे प्राणी दहा-पंधरा वर्षं सहज जगतात, म्हणजे मुलगा कॉलेजला जाईल आणि बबल्या माझ्या गळ्यात राहील, हे मला स्वच्छ दिसतंय.

सासूबाई नोव्हेंबरात वाईला परतल्या. रविवारी व्हिडिओ कॉल असतो. मी फोन टाकीसमोर धरते. दिसतं काय, तर कोकोपीट, खापर आणि पाण्याची बशी. बबल्या सहा दिवसांतून एकदा वर दिसला तर नशीब. सासूबाई चष्मा लावून त्या कोकोपीटकडे बघत राहतात. "खालीच आहे ना? काही खाल्लं का?"

"मंगळवारी खाल्लं, आई. दोन."

"अख्खी?"

"अख्खी."